महिन्याला एक युनिट

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर जुने सभापती उद्या माझ्या घरी येऊन बसतील आणि वर चहाही माझाच पितील. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या एसटीत बसलात की वाटेत एक ओढा लागतो आणि ओढ्याच्या अलीकडं पाण्याची गोल टाकी दिसते, तेवढी खूण पुरे. तिथल्या नगरपालिकेत मी पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. खात्यात तिघं: मी, फिटर दत्तोबा आणि छताचा पंखा. त्यातला पंखा उन्हाळाभर रजेवर असायचा.

१९९६च्या जानेवारीत शासनाचं एक परिपत्रक आलं. जी नगरपालिका पाणी वाचवणाऱ्या घरांना पाणीपट्टीत सूट देईल आणि नळाला तोटी बसवायचा निम्मा खर्च स्वतः उचलेल, तिला शासन अनुदान देणार होतं. वाचून मला आनंद झाला. आमच्या गावात निम्मे नळ बोडके होते. तोटीच नाही, नुसता पाइप. पाणी सुटलं की घागर भरायची, मग म्हैस धुवायची, मग अंगण, मग शेजारणीशी बोलणं संपेपर्यंत ते गटारीला जायचं. त्यावरून मी किती बायांशी भांडले असेन याची गणती नाही. गावात माझं नाव रोहिणी होतं, पण मागं मला ‘तोटीबाई’ म्हणत. म्हणेनात. मला राग वाया जाणाऱ्या पाण्याचा होता.

प्रस्तावात एक अट होती. कमी पाणी वापरणारी घरं आकड्यानिशी दाखवा. गावात मीटर कुठं होते? फक्त ओढ्यापलीकडच्या माळवस्तीत. सहा वर्षांपूर्वी तिथं नवी लाइन टाकली तेव्हा घरोघरी मीटर बसवले होते. मी मीटरबुक काढलं, पानं उलटली आणि एका नावावर बोट थांबलं. तात्याबा. माणसं तीन. वापर महिन्याला एक युनिट.

एक युनिट म्हणजे हजार लिटर. तिघांत रोजचं तेहतीस लिटर. आमच्या सभापतींच्या, बापूसाहेबांच्या घरी एवढं पाणी नुसतं कुंड्यांना लागत असेल. मी पुन्हा मागची पानं पाहिली. सहा वर्षं तेच. कधी एक युनिट, कधी त्याहून थोडं कमी. माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

“अशी माणसं आपल्या गावात हायेत?” बापूसाहेब म्हणाले. “रोहिणीबाई, ह्यांच्यावर एक झकास पान लिवा. प्रस्तावाच्या वरच लावू.”

मी लिहिलं. मनापासून लिहिलं. पिढ्यानपिढ्या मेंढरं घेऊन माळरानं तुडवलेल्या या घराला पाण्याच्या थेंबाची किंमत कोणी शिकवावी लागली नाही, वगैरे वगैरे. ओढा ओलांडून त्या घरी जाऊन यावं, हे काही मला सुचलं नाही. आकडा समोर होता ना. बारामतीच्या एका साप्ताहिकानं ते पान जसंच्या तसं छापलं, ‘आदर्श पाणी-घर’ या मथळ्याखाली. मी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

प्रस्ताव गेला. नमुना म्हणून माळवस्तीतल्या पाच घरांना सवलतीत पितळी तोट्या बसवायचं ठरलं. पहिली तोटी अर्थातच तात्याबाच्या नळाला. दत्तोबा जाऊन बसवून आला. मग पत्र आलं की पुण्याचे साहेब एकोणीस मार्चला पाहणीला येणार. आणि त्याच आठवड्यात मीटरचा नवा आकडा आला.

शून्य.

माझं डोकं सणकलं. पाहणी तोंडावर आणि आदर्श घराचा मीटरच बंद पडावा! दत्तोबाला म्हटलं, चला. तो म्हणाला, माझी ढोपरं दुखत्यात, तुमीच जावा. त्याची ढोपरं काम पाहून दुखायची हे ठाऊक असल्यानं मी एकटीच गेले.

घर दोन खणांचं, सारवलेलं. दारात नळ, नळाला चकचकीत तोटी, तोटीला हळदीकुंकू. तात्याबा भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चाहुलीनं माणूस ओळखायचे. त्यांची बायको सारजा लगबगीनं बाहेर आली. साठीच्या आतली, काटक, डोक्यावरचा पदर अगदी कपाळापर्यंत घट्ट ओढलेला. तिनं आधी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढं केला. उन्हातून आले होते, अख्खा तांब्या प्याले आणि दुसरा मागून त्यानं तोंड धुतलं. हे आठवलं की अजून मला माझीच लाज वाटते.

“सारजाबाई, मीटर बंद पडलाय तुमचा.”

“बंद न्हाय बाई. चांगला हाय.”

“मग आकडा शून्य कसा?”

तिनं पदर आणखी पुढं ओढला. मी म्हटलं, तोटी सोडा बघू. ती म्हणाली, आता पाण्याची येळ न्हाय. पाणी दहाला सुटायचं. मी घड्याळ पाहिलं, पावणेदहा. म्हटलं, बसते. ती तात्याबांकडं पाहू लागली. तात्याबांना दिसत नव्हतं, पण ते म्हणाले, “दाव गं त्यास्नी. किती दीस झाकशील?”

दहा वाजले. सारजानं घागर नळाखाली ठेवली आणि तोटी सोडली.

आधी खरखर झाली. मग फूऽऽ करून वारा सुटला. थेंब नाही, ओल नाही, नुसता वारा. आणि खाली मीटरचा काटा गरगर फिरू लागला.

मी आ वासून बघत राहिले. कोणी तोंडात मारावी तसं झालं. काटा फिरतोय, घागर कोरडी आहे, आणि मला माझं छापलेलं पान आठवतंय. थेंबाची किंमत कोणी शिकवावी लागली नाही.

“रोज अर्धा तास अस्सा बोलतो,” सारजा म्हणाली. “पैलं नळ बोडकाच व्हता. आलंच कवा पाणी तर घागरीत पडावं म्हनून घागर कायम खाली. आता तुमचा फिटर म्हनला तोटी बंद ठेवायची. म्हनून बंद ठिवली.”

तोटी बंद, म्हणून वारा बंद, म्हणून मीटर शून्य. इतकं सरळ होतं.

“पाणी कधीपासून नाही?”

“नारळ फोडला त्या दिवशी आलतं. दुसऱ्या दिवशी थोडं आलतं. तवापास्नं न्हाय.”

सहा वर्षं. शेवटची मेंढरं विकून तात्याबांनी नळ घेतला होता. सहा वर्षं ही बाई पाण्याचं बिल वेळेवर भरत होती, आणि त्या सगळ्या पावत्यांवर शिक्का मीच मारलेला. पाणी ती पलीकडच्या कालव्याच्या चारीवरून आणायची. पहाटे दोन खेपा, संध्याकाळी दोन. मुलगा नागेश कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, तो सीझन संपेपर्यंत घरी नसल्यातच जमा.

“अहो, मग तक्रार का नाही केली?” मी ओरडलेच. “मी तिथंच बसते की!”

सारजानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. नागेशसाठी कऱ्हाटीची एक मुलगी बघितली होती, स्वप्नाली. कऱ्हाटीकडं पाण्याची बोंब. तिथला बाप मुलीला स्थळ बघताना आधी शेत विचारत नाही, नोकरी विचारत नाही, पाणी विचारतो. स्वप्नालीच्या बापाचं, दादासोंचं, बोलणं एकच: माझ्या पोरीनं आजवर मैलभरावरून घागर आणली, आता नळाच्या घरात देणार. याआधी नागेशची दोन स्थळं पाण्यावरूनच मोडली होती. तेव्हा कुठं सारजाला कळलं की नळ कोरडा असला तरी दाखवायला नळच असतो. तिनं तक्रार केली असती तर बोभाटा कऱ्हाटीपर्यंत गेला असता. म्हणून ती पावत्या जपून ठेवत होती. दादासो पहिल्यांदा आले ते दुपारी, पाण्याची वेळ टळल्यावर. नळ दाखवला, मीटर दाखवला, पावत्या दाखवल्या.

“तरीबी मन खात व्हतं त्यांचं,” सारजा म्हणाली. “मग तुमचा कागूद आला छापून. नागेशनं कऱ्हाटीला निऊन वाचून दावला. तवा म्हनलं, सरकारच म्हनतंय तर पक्कं. येत्या एकोणीसला सायेब बघाया येनार हायती ना? दादासोबी येत्यात त्याच दिवशी. सुपारी फोडायची.”

माझ्या कागदावर हे लग्न उभं होतं.

“सून आल्यावर काय करणार होतात?”

“म्या हाय की,” ती सहज म्हणाली. “तिच्या डोक्यावर घागर देनार न्हाय. सबूद हाय माझा.”

मी तरातरा ऑफिसात आले आणि दत्तोबाला धरलं. तो शांतपणे तंबाखू मळत होता. “टाकी खाली, वस्ती वर, अन् त्यांचं घर पार वरच्या टोकाला,” तो म्हणाला. “आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येनार? लाइन टाकली तवाच म्या म्हनलं व्हतं, पाणी चढायचं न्हाय.”

“मग मला का नाही सांगितलं, सहा वर्षांत?”

“तुमी कवा इचारलं?”

मी बापूसाहेबांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, पण माणूस राजकारणातला. दुसऱ्या मिनिटाला त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीचा टँकर आणायचा, वस्तीच्या वरच्या अंगाला देवळामागं उभा करायचा, तिथल्या चेंबरमधून लाइनीत पाणी सोडायचं. तासभर नळ वाहील. “अनुदान मिळू द्या, मग त्यातूनच वस्तीला मोटर बसवू. अन् त्या पोराचं लगीनबी जुळंल. पुण्यच हाय की, रोहिणीबाई!”

अनुदान तोट्यांचं होतं, मोटरचं नव्हतं. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगू? मला अनुदान हवं होतं, माझं पान खरं ठरायला हवं होतं, आणि सारजाचं तोंड डोळ्यापुढून हलत नव्हतं. तीन कारणं होती आणि तिन्ही मला चांगली वाटत होती.

एकोणीस मार्चला सारजाचं अंगण शेणानं सारवलेलं, वर रांगोळी. सतरंजी घातलेली. नागेश खाडा करून आला होता, नव्या शर्टात घामेजलेला. दादासो सकाळच्या एसटीनं आले. उंच, वाळलेला माणूस, स्वच्छ टोपी, हातात पिशवी. पिशवीत सुपारी आणि साखर. ते एका बाजूला बसून नळाकडं बघत होते. देवाकडं बघावं तसं.

अकराला जीप आली. साहेब उतरले, बरोबर दोन सहायक आणि एक कॅमेरा. बापूसाहेबांनी हार घातला. मी मीटरबुक उघडून धरलं. देवळामागून टँकर सोडल्याची दत्तोबाची शिट्टी ऐकू आली.

सारजानं तोटी सोडली.

खरखर झाली. वारा आला. मग एक तांबडी पिचकारी, आणि मग पाणी. स्वच्छ, जाड, मनगटाएवढी धार. घागरीत आवाज घुमला तसे तात्याबा भिंतीला धरून उभे राहिले. “आलं?” त्यांनी विचारलं. इतक्या हळू विचारलं की मलाच ऐकू आलं.

घागर भरली. पाणी काठावरून वाहू लागलं, सारवलेल्या अंगणातून रांगोळी मोडत निघालं. साहेब हसून म्हणाले, “बाई, आता तोटी बंद करा. हीच तर बचत.” कॅमेरा तयार होता. सारजाचा हात तोटीवर होता, पण हात फिरेना. तिला बंद करवत नव्हती. ती नुसती धारेकडं बघत होती. शेवटी नागेशनं पुढं होऊन बंद केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

टाळ्या थांबल्यावर दादासो उठले. घागर कलती करून ओंजळ भरली आणि प्याले. एक घोट तोंडात घोळवला, गिळला. परत एक प्याले. मग ओंजळ झटकून म्हणाले, “ह्ये टँकरचं हाय.”

“काय म्हणाले ते?” साहेबांनी विचारलं.

“सायेब, मी कऱ्हाटीचा. वर्सातलं चार म्हैनं आमी टँकरचंच पितो. टाकीचा गंज आन् पायपाचा रबरी वास, जिभंला पाठ हाय. नळाचं पाणी असं लागत न्हाय.”

बापूसाहेब मोठ्यानं हसले. “पाव्हणं, उनाचा तडाखा लागला जनू!” पण बाकी कोणी हसलं नाही. दादासो रागावलेले नव्हते. ते फक्त सारजाकडं बघत होते आणि सारजा माझ्याकडं बघत होती. ती काही मागत नव्हती. तिनं नुसतं पाहिलं.

“खरं आहे, साहेब,” मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. “या नळाला सहा वर्षं पाणी नाही. मीटर वाऱ्यावर फिरतो. आजचं पाणी टँकरचं आहे.”

बापूसाहेबांचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता साहेब फाइल फेकतील, मला निलंबित करतील, काहीतरी होईल. साहेबांनी चष्मा पुसला. थोडा विचार केला.

“म्हणजे वापर नोंदीपेक्षाही कमी आहे,” ते म्हणाले.

“साहेब, वापर नाहीच आहे! पाणीच नाही!”

“तो तुमच्या खात्याचा प्रश्न. मी मीटरची नोंद बघायला आलोय. वाऱ्याचा रकाना आमच्या फॉर्मात नाही.” त्यांनी सही केली, पेनचं टोपण लावलं आणि घड्याळ पाहिलं. बापूसाहेबांकडं जेवण होतं. जीप वळली आणि धुरळा आमच्या तोंडावर आला. मी तशीच उभी. त्या वेळी मला कोणी टाचणी टोचली असती तरी कळलं नसतं.

अंगणात आता आम्ही पाचजण राहिलो. दादासोंनी पिशवी उचलली.

सारजा पुढं आली. “दादासो, सबूद खोटा न्हाय माझा. पोरीच्या डोक्यावर घागर देनार न्हाय. म्या वाहीन. सहा वर्सं म्याच वाहती.” बोलता बोलता तिनं पाया पडायला वाकून हात जोडले आणि तिचा पदर मागं सरला.

तिच्या टाळूवर केस नव्हते. मधोमध, घागरीखाली चुंबळ ठेवतात तिथं, वाटीएवढी जागा गुळगुळीत झाली होती. कातडी जाड, काळपट. मी ते पाहिलं आणि मला तो दुसरा तांब्या आठवला, तोंड धुतलेला.

तिनं घाईनं पदर ओढला. पण दादासोंनी पाहिलं होतं. ते खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

“माझ्या कारभारणीची टाळू अशीच हाय,” ते म्हणाले. “पोरीचीबी आता मधनं इरळ व्हाया लागलीय. तिची तशी व्हऊ नये म्हनून दोन वर्सं हिंडतोय मी. तुमी वाहाल, वहिनी. किती दीस वाहाल? तुमचं गुडघं गेलं की कोन वाहील?”

नागेशनं मान खाली घातली होती.

“मानूस म्हनून तुमच्यावानी घर मिळायचं न्हाय,” दादासो म्हणाले. “पर पोरगी देत न्हाय.”

पिशवीतली साखर काढून त्यांनी तात्याबांच्या हातावर ठेवली. परत न्यायची नसते म्हणाले. सुपारी मात्र पिशवीतच राहू दिली. मी त्यांच्या मागं ओढ्यापर्यंत धावले. काय सांगणार होते कुणास ठाऊक. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, तुमचा कागूद नसता तर मी आलोच नसतो.” आणि स्टँडच्या रस्त्याला लागले.

जूनमध्ये अनुदान मंजूर झालं. आदेशात लिहिलं होतं, ‘स्थळपाहणी समाधानकारक’. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, तरी अक्षरं तीच. बापूसाहेबांनी पेढे वाटले. मोटरसाठी मी तीन पत्रं लिहिली. तिन्हींवर एकच शेरा येऊन पडला: या शीर्षाखाली तरतूद नाही.

तिसरा शेरा आला त्याच आठवड्यात सारजा ऑफिसात आली. पदराच्या गाठीतून पितळी तोटी सोडली आणि माझ्या टेबलावर ठेवली. घासून लखलखीत केलेली.

“ह्यी घ्या तुमची. बंद करायजोगतं काय न्हाय आमच्यात.”

मी बस म्हटलं. ती बसली नाही. “नागेशला दुसरं स्थळ आलंय, पिंपळीचं. ह्या खेपंला आमी खरं ते सांगून बसलोय. नळ हाय, पाणी न्हाय. बघू म्हनलेत.” ती थांबली. काचेखाली जिथं ते कात्रण असायचं तिकडं तिची नजर गेली. ते मी मार्चमध्येच काढलं होतं. “बाई, एवढं करा. त्यो कागूद फाडून टाका. त्या लोकास्नी कुनी दावला तर परत आमीच खोटं पडू.”

माझ्या उजव्या हाताखाली त्या दिवशीचं टपाल होतं. वरचा लिफाफा पुण्याहून आलेला. साहेबांनी माझं पान चक्रमुद्रित करून जिल्ह्यातल्या सगळ्या नगरपालिकांना आणि पंचायत समित्यांना पाठवलं होतं. ‘अनुकरणीय उदाहरण’ असा मथळा होता. खाली घराचं नाव, वस्तीचं नाव, सगळं. आमची प्रत माहितीसाठी.

मी त्यावर मीटरबुक सरकवलं.

“फाडला,” मी म्हणाले. “कधीच फाडला.”

सारजानं मला हात जोडले आणि ती संध्याकाळच्या खेपांची वेळ व्हायच्या आत घरी निघाली.